उतारवयातील आरोग्यविमा : मूळ संरक्षण आणि पूरक संरक्षण

(सिल्वासा परिसरातील ज्येष्ठ नागरिक, ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले. त्या वर्षी दादरा व नगर हवेलीत जन्मास आलेल्या बालकांनी २०२४ साली वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली. योगायोग असा की, सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक भारतीय नागरिकास, त्याच्या उत्पन्नाचा विचार न करता, रुग्णालयीन उपचारांसाठी संरक्षण देण्याची केंद्र शासनाची योजनाही त्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. मुक्तीच्या वर्षी जन्मलेली पिढी आणि वृद्धांच्या आरोग्यविम्याचा हा नवा टप्पा यांची अशी गाठ पडली आहे. या पिढीने प्रदेशाचे रूप पालटताना पाहिले. दमणगंगेवर मधुबन धरण झाले, सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहिले, वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांतील तरुण शेतीबरोबरच पाळीच्या कामावर जाऊ लागले. आता ही पिढी उतारवयात आली असून, या वयाचा सर्वांत मोठा खर्च आजारपणाचा असतो.

वृद्ध माणसाचे हाड मोडले किंवा हृदयविकाराचा झटका आला म्हणजे कुटुंबासमोर एकाच दिवसात मोठा प्रश्न उभा राहतो. पैसा तर त्याच दिवशी लागतो, पण तो जमविण्यास वेळ नसतो. अशा वेळी बैलजोडी विकली जाते, चांदीचे दागिने मोडले जातात, जमिनीवर कर्ज काढले जाते. आणि आजारी माणूस बरा झाला तरी कुटुंब पुढील कित्येक वर्षे त्या कर्जाखाली राहते. आरोग्यविम्याचा हेतू हे संकट टाळणे हा होय. परंतु विमा आहे एवढे माहीत असून भागत नाही. तो कोठे चालतो, किती देतो, काय देत नाही आणि जे देत नाही त्याची भर कशाने घालावी, हे आजारी पडण्यापूर्वी समजून घ्यावे लागते.

पूरक विमा म्हणजे काय?

ज्या संरक्षणातून उपचारांच्या खर्चाचा पहिला व मुख्य भाग भागतो, त्यास मूळ विमा म्हणता येईल. मूळ विम्यात ज्या जागा रिकाम्या राहतात, त्या भरून काढणारा तो पूरक विमा. ही कल्पना आपल्याच देशापुरती नाही. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ साली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना कायद्याने स्थापन झाली. तथापि डॉक्टरांच्या सेवांचा साधारणपणे वीस टक्के खर्च तेथे रुग्णाकडेच राहतो. ती उणीव भरून काढण्यासाठी खाजगी कंपन्यांची मेडिगॅप नावाची पूरक विमापत्रे तेथील वृद्ध विकत घेतात. मुलांकडे परदेशी गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांस हा व्यवहार परिचित आहे. भारतातील स्थिती मात्र निराळी असल्याने तेथील हिशेब येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

भारतात सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम हे विमापत्र सुरू केले. दीर्घकाळपर्यंत ते प्रामुख्याने शहरी, नोकरदार वर्गापुरते राहिले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा गरीब कुटुंबांस दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. शेजारच्या महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेली जन आरोग्य योजनाही याच मार्गाने विस्तारत गेली.

सत्तरीनंतरचे मूळ संरक्षण

सत्तर वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या नागरिकास आता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. गरीब, मध्यमवर्गीय किंवा संपन्न असा भेद त्यात नाही. या कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेशी संलग्न सरकारी वा खाजगी रुग्णालयात रोख रक्कम न देता होतात. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढील असतील, तर ही मर्यादा दोघांत मिळून आहे. ज्यांचे कुटुंब आधीपासूनच प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत आहे, त्या घरातील सत्तरीपुढील वृद्धांस स्वतःसाठी पाच लाखांचे जादा संरक्षण मिळते व ते सत्तरीखालील कुटुंबीयांत वाटून घ्यावे लागत नाही.

या योजनेचा सर्वांत मोठा गुण असा की, आधीपासून असलेल्या आजारासाठी येथे प्रतीक्षा काळ नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार पूर्वीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळू शकतात. दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा व घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा औषधे व तपासण्यांचा खर्चही त्यात धरलेला आहे. कार्ड देशभर चालते. त्यामुळे सिल्वासाचा रहिवासी वलसाड, सुरत, नाशिक किंवा मुंबई येथील संलग्न रुग्णालयातही त्याचा उपयोग करू शकतो. केंद्र शासनाची आरोग्य योजना, माजी सैनिकांची योजना किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान योजना यांचा लाभ घेणाऱ्यांस मात्र ती योजना किंवा हे कार्ड यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. खाजगी विमा असलेल्या अथवा कर्मचारी राज्य विमा योजनेतील व्यक्तीस अशी अट नाही. तिला दोन्ही ठेवता येतात.

आता मर्यादा पाहू जाता, या कार्डावर बाह्यरुग्ण विभागातील तपासणी व रोजची औषधे मिळत नाहीत. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र किंवा घरी शुश्रूषेसाठी ठेवलेली बाई यांचा खर्च मिळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, योजनेतील पाच लाख रुपये ही रुग्णाच्या हाती येणारी रोकड नव्हे. संलग्न रुग्णालयात, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी, ठरवून दिलेल्या दराने शासनातर्फे ती रक्कम रुग्णालयास दिली जाते. जे रुग्णालय योजनेत नाही, तेथे या कार्डाचा उपयोग होत नाही. पूरक विम्याचा विचार करताना हा मुद्दा सतत ध्यानी ठेवावा लागतो.

साठ ते सत्तर : दुर्लक्षित दशक

सिल्वासा परिसराचा विचार करता, खरी अडचण सत्तरीनंतर नसून साठ ते सत्तर या दहा वर्षांत आहे. कारखान्यातील कामगार नोकरीत असेपर्यंत कर्मचारी राज्य विमा योजनेत किंवा मालकाने घेतलेल्या समूह विम्यात असतो. निवृत्तीच्या दिवशी हे छत्र दूर होते आणि वय वंदना कार्डास अद्याप दहा वर्षे बाकी असतात. कुटुंब जन आरोग्य योजनेच्या यादीत नसेल, तर या दशकात माणूस पूर्णतः उघडा पडतो. आणि मधुमेह व हृदयविकार तर याच काळात डोके वर काढतात.

यावर दोन उपाय आहेत व दोन्ही निवृत्तीपूर्वीच योजावयाचे असतात. पहिला उपाय कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांसाठी आहे. निदान पाच वर्षे विमायोग्य नोकरी करून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगारास वर्षाला एकशे वीस रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी व पत्नी अथवा पतीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ही रक्कम इतकी अल्प आहे की, केवळ माहितीच्या अभावी कोणी तिला मुकावे हे योग्य नव्हे. कोणत्या सेवा या सवलतीत मिळतात, याची चौकशी योजनेच्या कार्यालयात करून घ्यावी. दुसरा उपाय समूह विम्यातील कामगारांसाठी होय. समूह विमापत्रातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विमापत्रात जाण्याची सोय नियमांत असून, पूर्वी काढलेल्या प्रतीक्षा काळाचे श्रेय त्यात मिळते. त्यासाठी समूह विमा संपण्यापूर्वी लेखी अर्ज करणे आवश्यक आहे.

नव्याने विमा घेऊ इच्छिणाऱ्या वृद्धांसाठी २०२४ साली नियमांत महत्त्वाचे बदल झाले. पूर्वी पासष्ट वर्षांनंतर नवे विमापत्र मिळणे दुरापास्त असे. आता कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी विमापत्रे उपलब्ध ठेवावीत, असे विमा नियामक प्राधिकरणाचे धोरण आहे. पूर्वीपासून असलेल्या आजारांचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर आला. जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने असेही ठरविले की, साठ वर्षांवरील विमेदारांचा हप्ता कंपनीस वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असेल, तर प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करावा लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा करही उठविण्यात आला आहे.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप

पूरक विम्याचा बाजारातील प्रचलित प्रकार टॉप-अप या नावाने ओळखला जातो. शासकीय योजनेतील पाच लाखांच्या जादा संरक्षणासही टॉप-अप म्हटले जाते, परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. शासकीय जादा संरक्षणास खर्चाचा कोणताही उंबरठा ओलांडावा लागत नाही. खाजगी टॉप-अप विमा मात्र ठराविक रक्कम खर्च झाल्यानंतरच सुरू होतो. या ठराविक रकमेस वजावट म्हणतात. वजावटीपर्यंतचा खर्च दुसऱ्या विम्यातून अथवा स्वतःच्या खिशातून भागवावा लागतो. याच कारणाने टॉप-अपचा हप्ता तितक्याच रकमेच्या मूळ विम्याच्या तुलनेने कमी असतो.

टॉप-अप व सुपर टॉप-अप यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका निवृत्त कामगाराकडे पाच लाखांचा मूळ विमा आहे आणि त्यावर पाच लाख वजावटीचे पूरक विमापत्र आहे. विम्याच्या एकाच वर्षात त्याला हृदयविकारासाठी चार लाख व पुढे खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन लाख खर्च आला. एकूण खर्च सात लाख. मूळ विम्यातून पहिल्या वेळी चार लाख व दुसऱ्या वेळी उरलेला एक लाख मिळेल. राहिलेले दोन लाख कोण देणार? साधा टॉप-अप प्रत्येक दाखल होण्याचा हिशेब स्वतंत्र करतो. दोन्हींपैकी एकही बिल पाच लाखांच्या वर गेलेले नाही, म्हणून तो काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षभराच्या खर्चाची बेरीज करतो. बेरीज सात लाख झाल्याने तो वजावटीवरील दोन लाख देईल. वृद्धापकाळात एका मोठ्या आजाराहून वारंवार दाखल होण्याचा संभव अधिक असतो. यास्तव दोहोंत निवड करावयाची झाल्यास ज्येष्ठांस सुपर टॉप-अप बहुधा अधिक उपयुक्त ठरतो.

आता पुन्हा वय वंदना कार्डाकडे वळू. कार्डाचे पाच लाख आहेतच, तेव्हा पाच लाख वजावटीचा सुपर टॉप-अप घेतला की दहा-पंधरा लाखांची सोय झाली, असा हिशेब पुष्कळजण मांडतात. कागदावर तो बरोबर दिसतो. व्यवहारात मात्र तो फसण्याचा संभव आहे. रुग्ण योजनेत नसलेल्या रुग्णालयात गेला, तर कार्ड तेथे चालणार नाही आणि सुपर टॉप-अपही पाच लाखांपर्यंत काही देणार नाही. साडेतीन लाखांचे बिल झाले, तर ते सर्वच्या सर्व घरातून भरावे लागेल. आणि हातात दोन कार्डे असूनही कुटुंब कर्जात जाईल. यास्तव ज्या ज्येष्ठांचा भर केवळ कार्डावर आहे, त्यांनी आपल्या परिसरातील संलग्न रुग्णालयांची यादी हाताशी ठेवून तेथेच जाणे श्रेयस्कर. सिल्वासातील विनोबा भावे नागरी रुग्णालय, तसेच ७ मार्च २०२५ रोजी ज्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले ते ४५० खाटांचे नमो रुग्णालय, यांमुळे सरकारी उपचारांची सोय घराजवळ वाढली आहे. ज्यांना योजनेबाहेरील रुग्णालयात जाण्याचे स्वातंत्र्य हवे आहे व हप्ता परवडतो, त्यांनी आधी लहानसा का होईना मूळ विमा घ्यावा आणि मग त्यावर सुपर टॉप-अप घ्यावा. शासकीय योजनेतून झालेला उपचार वजावटीत धरला जातो काय, हा प्रश्न कंपनीस लेखी विचारावा व उत्तरही लेखीच घ्यावे.

विमापत्रातील लहान अक्षरे

विमापत्र विकत घेताना रक्कम व हप्ता एवढेच पाहण्याची सवय आहे. खरे नुकसान मात्र अटींत दडलेले असते. यांपैकी चार अटी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली अट प्रतीक्षा काळाची. अपघात वगळता पहिले तीस दिवस दावा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणे यांसारख्या उपचारांसाठी निराळा प्रतीक्षा काळ असतो. शस्त्रक्रिया ठरल्यावर विमा काढणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

दुसरी अट सहभागाची. वृद्धांच्या अनेक विमापत्रांत प्रत्येक दाव्याचा काही टक्के भाग विमेदाराने सोसावयाचा असतो. वीस टक्के सहभाग असेल, तर दोन लाखांच्या मान्य दाव्यात चाळीस हजार घरचे जातात. हप्ता कमी दिसतो, त्याचे कारण बहुधा येथे सापडते.

तिसरी अट खोलीभाड्याची. समजा, विमापत्रात दिवसाला चार हजार रुपये भाड्याची मर्यादा आहे आणि रुग्ण आठ हजारांच्या खोलीत पाच दिवस राहिला. भाड्यातील वीस हजारांचा फरक तर त्याला द्यावाच लागेल. शिवाय खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांच्या भेटी इत्यादी आकार ऐंशी हजार झाले असतील, तर त्यांतीलही निम्मी रक्कम कापली जाऊ शकते. म्हणजे खोलीच्या एका निवडीमुळे साठ हजारांचा भुर्दंड बसतो. औषधे व शरीरात बसविलेली उपकरणे यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही.

चौथी अट सत्यकथनाची. प्रस्तावपत्र बहुधा विक्रेता भरतो व विमेदार खाली सही वा अंगठा करतो. रक्तदाब किंवा मधुमेह लिहिला तर हप्ता वाढेल, म्हणून तो रकाना रिकामा ठेवण्याचा सल्लाही कधी दिला जातो. हा सल्ला ऐकणाऱ्याचा दावा पुढे नाकारला जातो आणि तेव्हा सल्ला देणारा जवळ नसतो. विमापत्र अखंड साठ महिने चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, असा नियम आहे. तथापि त्या नियमावर भिस्त ठेवून असत्य लिहिणे हे पाच वर्षे जोखीम घेऊन बसण्यासारखे आहे. विमापत्र हाती आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर तीस दिवसांच्या आत ते परत करता येते. या तीस दिवसांत घरातील शिकलेल्या मुलाने किंवा गावातील शिक्षकाने ते वाचून वृद्धास समजावून सांगावे.

वय, आधार आणि शाळेचे रजिस्टर

वय वंदना कार्डासाठी वय आधार कार्डावरून धरले जाते. येथेच पुष्कळ आदिवासी वृद्धांची अडचण होते. ज्यांच्या जन्माची नोंद कधी झालीच नाही, त्यांचे वय आधार काढतेवेळी अंदाजाने लिहिले गेले. प्रत्यक्षात पंचाहत्तरीला आलेला माणूस कागदावर चौसष्टीचा असतो आणि हक्काच्या उपचारास मुकतो. आधारमधील जन्मतारीख सामान्यतः एकदाच बदलता येते. म्हणून मान्य पुरावा हाती घेऊनच दुरुस्ती करावी. ज्या वृद्धांनी लहानपणी एखाददुसरी इयत्ता केली असेल, त्यांची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडू शकते. ती शोधून देणे हे शिक्षकांच्या हातून होण्याजोगे मोलाचे काम आहे. तो पुरावा चालतो की नाही, याची खात्री आधार केंद्रावर आधी करून घ्यावी.

मधुबन जलाशयाच्या काठावरील दुधनी, कौंचा यांसारख्या दूरच्या गावांतील वृद्धास कार्डासाठी सिल्वासापर्यंत खेपा घालावयास लावणे इष्ट नाही. अधिकाऱ्यांनी गावातच शिबिर घ्यावे, ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत त्यांची ओळख चेहऱ्यावरून वा अन्य मान्य मार्गाने पटवावी आणि कार्ड त्यांच्या हाती द्यावे. हे कार्ड विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्यास ते देऊ नयेत व दूरध्वनीवर विचारणाऱ्यास मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगू नये. योजनेची माहिती १४५५५ या क्रमांकावर मिळते.

दावा नाकारला गेल्यास

खाजगी विम्यात रोख न भरता उपचार घ्यावयाचे असतील, तर रुग्णालयाकडून कंपनीची पूर्वसंमती घ्यावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीने ही विनंती एका तासात व घरी सोडतेवेळची अंतिम मंजुरी तीन तासांत निकालात काढावयाची आहे. रक्कम आधी भरून नंतर मागावयाची असल्यास डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, औषधांच्या चिठ्ठ्या व तपासणीचे अहवाल जपून ठेवावेत. एक कागद हरवला म्हणजे एक पत्रव्यवहार वाढला, असे समजावे.

दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे व प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. दादरा व नगर हवेलीसाठी हे कार्यालय अहमदाबाद येथे आहे. तेथे शुल्क नाही व वकिलाची गरज नाही. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी लोकपाल ऐकतात व त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नकाराचे पहिले पत्र हा शेवटचा शब्द मानून घरी बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठीच ही व्यवस्था आहे.

उपसंहार

सारांश असा की, सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाने प्रथम वय वंदना कार्ड काढावे. त्याचा हप्ता नाही. साठ ते सत्तर वयाच्या निवृत्त कामगाराने आपले जुने छत्र संपण्यापूर्वी नवे उभारावे. पूरक विमा घ्यावयाचा तो मूळ संरक्षणातील रिकाम्या जागा पाहून घ्यावा. केवळ मोठ्या आकड्याला भुलून घेऊ नये. ज्याला हप्ता परवडत नाही, त्याने त्यासाठी कर्ज काढू नये. शासकीय योजना, नागरी रुग्णालय आणि जनऔषधी केंद्रातील स्वस्त औषधे यांचा नीट उपयोग केला, तर आजारपणाच्या खर्चाचा मोठा भार हलका होतो.

ज्या पिढीने या प्रदेशाची मुक्ती बालपणी पाहिली किंवा त्या वर्षी जन्म घेतला, तिने आपल्या आजारपणाच्या खर्चापायी मुलानातवंडांची जमीन गहाण पडलेली पाहू नये. त्यासाठी लागणाऱ्या तरतुदी बऱ्याच अंशी झालेल्या आहेत. त्या प्रत्येक पाड्यातील वृद्धापर्यंत त्याला कळेल अशा बोलीत पोहोचविणे, हे ग्रामपंचायत, शाळा व आरोग्य केंद्र या तिघांचे सामाईक कर्तव्य होय.